रॅपरमुळे गळती शोधणं अवघड होतं

'लिनक्स ड्रायव्हरमध्ये केमॅलॉक या कर्नलमधल्या मेमरी मागणाऱ्या फंक्शनभोवती स्वतःचं फंक्शन, म्हणजे रॅपर, लिहिलं की पुढचे बदल एकाच जागी होतात' हा मुद्दा अर्धाच खरा आहे. रॅपरमध्ये जीएफपी फ्लॅग, म्हणजे मेमरी कशी मिळवायची हे सांगणारी खूण, दडतो. आत जीएफपी_कर्नल (मेमरी मिळेपर्यंत झोपू देणारा, म्हणजे थांबू देणारा फ्लॅग) असेल आणि कुणी स्पिनलॉक हे कुलूप धरून तेच फंक्शन बोलावलं, तर झोपायला मनाई असलेल्या ठिकाणी कोड झोपू शकतो, आणि नुसता कॉल वाचून ते कळत नाही.

दुसरी बाब मेमरीच्या हिशेबाची. लिनक्स ६.१० (२०२४) पासून मेमरी अ‍ॅलोकेशन प्रोफायलिंग आहे. ते चालू असलं की प्रोकमधल्या अ‍ॅलोकइन्फो फाइलीत प्रत्येक कॉलच्या जागेपुढे बाइट, कॉलसंख्या, फाइल आणि ओळ क्रमांक दिसतो. रॅपर साधं फंक्शन असेल तर सगळे बाइट त्याच्याच एका ओळीवर चढतात, मग घेतलेली मेमरी परत न करणारा, म्हणजे गळणारा कॉल शोधणार कसा? अ‍ॅलोक_हुक्स मॅक्रो लावून हे सुटतं, पण तेवढ्या खटाटोपापेक्षा रॅपर काढलेलं बरं. अ‍ॅरेसाठी केमॅलॉक_अ‍ॅरे गुणाकाराचा ओव्हरफ्लो स्वतः तपासतं, शून्य भरून हवं तर केकॅलॉक. आकार मोठा असेल तर केव्हीमॅलॉक. मात्र सोडताना केव्हीफ्रीच, कारण ती मेमरी केमॅलॉकऐवजी व्हीमॅलॉक या वेगळ्या फंक्शनकडून आलेली असू शकते.