प्रतिसाद: ‘अमेन’ म्हणजे काय?

‘अमेन’ (amain) या इंग्रजी शब्दाचा प्रार्थनेतल्या ‘आमेन’शी संबंध असावा, असं इथे कुणीतरी म्हटलंय. तसं नाही. हा इंग्रजीतला आता मागे पडलेला शब्द. अर्थ: सगळा जोर लावून, किंवा भरधाव. यातला ‘मेन’ म्हणजे बळ; जुन्या इंग्रजीत ‘मॅगेन’. ‘माइट अँड मेन’ (सगळी ताकद) या वाक्प्रचारात तोच आहे आणि आपल्या रोजच्या ‘मेन रोड’चं मूळही तेच! सुरुवातीचा ‘अ’ ‘अशोर’, ‘अस्लीप’मधला, म्हणजे पूर्वीचा ‘ऑन’.

इंग्रज कवी मिल्टनच्या १६३८ साली छापलेल्या ‘लिसिडस’ या कवितेत सेंट पीटरच्या, म्हणजे स्वर्गाचं दार राखणाऱ्या येशूच्या शिष्याच्या, हातात दोन किल्ल्या आहेत. सोन्याची उघडते, लोखंडाची ‘अमेन’ बंद करते. तिथे मला दार धाडकन लागल्याचं ऐकूच येतं. मराठीत ‘सर्व शक्तीनिशी’ अर्थाला बरोबर, पण त्या दाराला ‘धाडकन’च हवं.