मदत हवी आहे: गोव्यातल्या साखळी गावात इलेक्ट्रिक गाडी की सीएनजी?

साखळी-पणजी रोजचं, अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगाव. बजेट १२ लाख, माणसं ४. हायब्रिड परवडत नाही. टाटा पंचची इलेक्ट्रिक आणि सीएनजी, दोन्ही चालवून पाहिल्या. सीएनजीच्या दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी असल्याने सामानाला जागा उरते. पण तेही शेवटी जमिनीतलंच इंधन, म्हणून मन इलेक्ट्रिककडेच ओढतं. घर स्वतःचं आहे, अंगणात १५ अँपिअरचा पॉइंट आहे, अर्थिंग तपासून घेतलंय. चिंता पावसाळ्याची: वीज सारखी जाते, व्होल्टेज वरखाली होतं. उतारावर बॅटरी थोडी भरते हे ठाऊक आहे, प्रश्न चढणीचा. चोर्ल्याने इलेक्ट्रिक नेणाऱ्यांनो, भर पावसात, एसी चालू, चौघं बसलेले असताना साखळी ते बेळगाव किती टक्के बॅटरी लागते? आणि व्होल्टेजसाठी घरी वेगळा स्टॅबिलायझर बसवलात का?