अनुभव धागा: कमी बजेटमध्ये ताकदीची जुनी डर्ट बाईक कशी पारखावी? (सातारा-सांगली)

मंडळी, दीड लाखाच्या आत मातीत चालणारी, चढाला दम न सोडणारी जुनी गाडी कुठली घ्यावी, हा प्रश्न आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सतत विचारला जातो. उत्तरं मात्र 'ही घे, ती घे' एवढीच येतात. म्हणून हा धागा. स्वतःच्या सहलींची वर्णनं नकोत. काय तपासायचं, कुठला पार्ट आधी जातो, का जातो आणि त्यापायी किमतीतून काय वजा करायचं, एवढं लिहा.

घाटचढ (सातारा)

सुरुवात ताकदीपासून करू, कारण गाडी निवडताना पहिली चूक तिथंच होते. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ ची ताकद साधारण २४ अश्वशक्ती आणि वजन १९९ किलो. हीरोच्या एक्सपल्स २०० फोर-व्हॉल्व्हची (४व्ही) ताकद १९.१ पीएस (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच) आणि वजन १५८ किलो. भागाकार करून बघा, शंभर किलोमागे दोन्हीकडे साधारण १२ च येतात. म्हणजे मोकळ्या चढाला दोघी सारख्याच. फरक पडतो तो हिमालयनच्या ३२ न्यूटन मीटर टॉर्कमुळे, म्हणजे ओढीमुळे. हिमालयन खालच्या आरपीएमला ट्रॅक्टरसारखी ओढते, एक्सपल्सला गिअर खाली टाकून फिरवावं लागतं. पण चिखलात आडवी झाली की एकट्या माणसाला १५८ किलो उचलवतात, १९९ ला दुसरा माणूस लागतो. ठोसेघर-चाळकेवाडीकडच्या रस्त्यांना जास्त करून डांबर आणि थोडी माती असं चालवणार असाल, मागे कुणी बसणार असेल, तर हिमालयन. एकट्यानं पायवाटा, ओढे, दगड करायचे असतील तर एक्सपल्स.

केटीएम ३९० अॅडव्हेंचर (जुनी, २०२५ च्या आधीची) ४३.५ पीएसची आहे, ताकदीत प्रश्नच नाही. पण पुढचं चाक १९ इंची, आणि दीड लाखात मिळालीच तर बहुतेक पडलेली किंवा काम निघालेली मिळेल. या बजेटला ती सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत.

एक्सपल्स शोधताना नावाला फसू नका. २००टी ही वेगळी गाडी आहे. तिला दोन्हीकडे १७ इंची अलॉय आणि रस्त्याचे टायर येतात. मातीची २०० म्हणजे पुढे २१ इंची, मागे १८ इंची आऱ्यांची चाकं. जाहिरातीत नुसतं 'एक्सपल्स' लिहिलेलं असेल तर आधी चाकाचा फोटो मागवा. उंचीनं कमी असाल तर ४व्ही प्रोच्या वाट्याला जाण्याआधी तिच्यावर बसून बघा, सीटची उंची ८९१ मिमी आहे. साधीची ८२५ च्या आसपास येते.

लेथ_आणि_लोखंड (कराड)

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिला हात सायलेन्सरच्या बेंडला आणि इंजिनाला लावा. गरम लागली तर थंड स्टार्टची परीक्षा गेली. मग संध्याकाळी परत या.

थंड इंजिन सुरू करताना मागे उभं राहा. सुरू होताच निळसर धूर येऊन विरला तर व्हॉल्व्हचे गाईड सील गेले आहेत, हे काम परवडतं. गरम झाल्यावर थ्रॉटल उघडताना सतत निळा धूर येत राहिला तर रिंग, पिस्टन किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. तो खर्च किमतीतून वजा झाल्याशिवाय सौदा नको. हेडच्या बाजूनं सुरुवातीची काही सेकंद खडखड येऊन थांबली तर टायमिंग चेन आणि टेन्शनर बघायला सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. एअर फिल्टरचं झाकण उघडा, फिल्टर बाहेर काढा आणि इंजिनकडे जाणाऱ्या रबरी पाईपच्या आतल्या बाजूनं स्वच्छ बोट फिरवा. बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं पाहिजे. तांबूस पूड लागली, विशेषतः तेलकट होऊन कणीक मळल्यासारखी चिकटलेली असली, तर ती गाडी फाटक्या किंवा नीट न बसवलेल्या फिल्टरवर धूळ खात चाललेली आहे. ती धूळ बोअर आणि रिंगला पॉलिश पेपरसारखी घासते. मीटरवर ८,००० किमी असले तरी इंजिन ३०,००० चं झालेलं असतं. बाहेरून चकाचक पॉलिश केलेली गाडीसुद्धा इथं पकडली जाते, कारण विकण्याआधी पाईपच्या आतून फारसं कुणी पुसत नाही.

मालक तयार असेल तर कॉम्प्रेशन घ्या. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगच्या जागी गेज. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिलि, इंजिन ऑइल सोडून परत घ्या. आकडा वर चढला तर रिंग-बोअर, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. ऑटो डीकॉम्प्रेशन (सुरू करताना दाब आपोआप थोडा सोडणारी सोय) असलेल्या इंजिनांत गेज मुळातच कमी दाखवतो, तिथं नुसत्या आकड्यावर निकाल देऊ नका.

ड्रेन बोल्टची चुडी बघायला विसरू नका. इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याला, म्हणजे बॅशप्लेटला, खोल ठोकर असेल तर प्लेट काढायला लावा. तिच्यामागे केसिंगला बारीक चीर किंवा एम-सीलचा थर सापडू शकतो.

जतचा_मुरूम

आमच्याकडं जत, आटपाडी, पलीकडं माण-खटाव, सगळा मुरूम आणि सुटे दगड. इथं चाललेल्या गाडीत इंजिनाआधी चाकं आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) जातात.

पुढचं चाक उचलून हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर, चाक सरळ असतं त्या जागी, बारीक खटका लागून हँडल स्वतःहून तिथंच बसायला बघत असेल तर कोनसेट गेला. दगडांचे धक्के सरळ चालतानाच जास्त बसतात, म्हणून बेअरिंगच्या वाटीत मध्यावरच खड्डे पडतात. नट आवळून हा खटका जात नाही, उलट हँडल जड होतं. सेट बदलणं हाच उपाय.

आरे एक एक करून स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यानं वाजवा. 'टण्' वाजणारा घट्ट, 'ठप' वाजणारा ढिला. चार-पाच ढिले असतील तर आरे आवळून चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढला तरी चालेल. पण रिमला निपलच्या भोकाशी चिरा असतील तर रिमच बदलावी लागेल. चाक हळू फिरवून रिमच्या कडेशी बोट धरून ठेवा, रिमचा डेंट बोटाला आपोआप कळतो.

मागचं चाक उचलून वर-खाली हलवा. कट्कन बारीक खेळ लागला तर लिंकेजचे (मागचा शॉक आणि स्विंगआर्म जोडणाऱ्या सांध्याचे) बेअरिंग किंवा बुश गेलेत. ही जागा प्रेशर वॉशरनं धुऊन धुऊन कोरडी पडते आणि ग्रीस भरायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. मग स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आडवा हलवून बघा, तो खेळ वेगळा.

टायरचं साल बाजूवरच्या चार आकड्यांत असतं. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायरच्या गुट्ट्या उंच दिसत असल्या तरी रबर पाच-सहा वर्षांचं झालं की ओल्या दगडावर घसरतं. एक्सपल्सला पुढे ९०/९०-२१, मागे १२०/८०-१८. हिमालयनला मागे १२०/९०-१७. दोघींच्या मागच्या टायरची अदलाबदल होत नाही, कुणी 'बसतो' म्हणाला तरी घेऊ नका.

कृष्णाकाठ (सांगली)

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा पूर आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात अजून फिरतोय. पाण्याखाली गेलेली गाडी धुऊन, बॅटरी बदलून, सीट कव्हर चढवून विकली जाते. त्या सालांच्या आधीची गाडी असेल तर एवढं बघाच:

सीट काढून वायरिंगचे कनेक्टर एकेक सोडवा. पितळी पिनांवर हिरवट-पांढरी पूड म्हणजे पाणी मुरलेलं. हेडलाईट सोडवून मागच्या पोकळीत बघा. पुराचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो, कोपऱ्यात साचून सुकला की पांढुरका थर राहतो, चिखलातल्या रपेटीचे शिंतोडे असे आतपर्यंत एकसारखे बसत नाहीत. स्पीडोमीटरच्या काचेच्या आत पाण्याची आडवी रेघ दिसते का बघा. टाकीत टॉर्च मारून गंज तपासा.

पॉलिसीवरूनही अंदाज येतो. फुल पॉलिसी आहे, मालक पहिलाच आहे, गाडी बरीच वर्षं त्याच्याकडंच आहे आणि तरी एनसीबी (क्लेम न केल्याची सूट) शून्य असेल, तर क्लेम झालेला असू शकतो किंवा पॉलिसी मध्ये खंडित झालेली असू शकते. कशामुळे, ते कागदासह विचारा.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला पुराचा फटका कार्ब्युरेटरवालीपेक्षा जास्त महाग पडतो. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, पंप लगेच मरत नाहीत, सहा-आठ महिन्यांनी एकेक करून बंद पडत जातात. २०१९ च्या पहिल्या एक्सपल्समध्ये कार्ब आणि इंजेक्शन दोन्ही प्रकार होते. शंका असेल आणि मन मात्र त्याच गाडीवर असेल, तर निदान कार्बवाली घ्या.

मळीचं_रान (वाळवा)

काळ्या रानाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. उसाच्या फडाच्या वाटेवर ओली काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसते आणि चाकच फिरायचं थांबतं. अशा वेळी क्लच सरकवत गाडी काढली जाते आणि क्लचप्लेटी जळतात. म्हणून आपल्या भागातली गाडी घेताना क्लचची परीक्षा चढावर घ्या, सपाटीला तो दोष लपतो. चौथ्या-पाचव्या गिअरला हळू चालवत एकदम थ्रॉटल उघडा. आरपीएम चढले आणि वेग तसाच राहिला की प्लेटी गेल्या. साताऱ्यात गाडी बघत असाल तर यवतेश्वरचा चढ यासाठी पुरेसा आहे.

पश्चिमेकडची, पाटण-बामणोलीकडची गाडी असेल तर ब्रेक बघा. जांभ्याची ओली तांबडी माती पॅड आणि डिस्क दोन्ही खाते. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्नियरनं मोजून त्या आकड्याशी ताडून बघा.

दोन_स्ट्रोक (विटा)

यामाहाची जुनी टू-स्ट्रोक आरएक्स १०० उघडून मातीत घालायचा विचार कुणी करत असेल तर थोडं थांबा. तिचं उत्पादन १९९६ ला थांबलं, म्हणजे १५ वर्षांचं पासिंग केव्हाच संपलेलं. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं, ते चालू आहे का हे आरसीवर बघा. पिकअप भन्नाट आहे, पण सस्पेन्शन रस्त्याचं, आणि आता लोक हौसेची किंमत मागतात. त्या पैशात हीरोची इम्पल्स १५० बघा. १३ पीएसचीच आहे, पण वजन १३४ किलो, सस्पेन्शन मातीचं, आणि इंजिनाचे पार्ट हीरोच्या १५० सीसी गाड्यांचे चालतात. अडचण येते ती प्लास्टिक आणि मोनोशॉकची. मडगार्ड, साईड पॅनल फुटके असतील तर त्यावर भाव पाडा, ते सहज मिळत नाहीत.

ट्रॅकवाला (सातारा)

कधीमधी २५० सीसीची खरी मोटोक्रॉस (फक्त मातीच्या शर्यतीची) गाडी दोन-अडीच लाखांत समोर येते आणि बजेट ताणायचा मोह होतो. ताकद ४० च्या आसपास, वजन १०५ किलोच्या घरात, वर दिलेल्या गाड्यांशी तुलनाच नाही. पण तिचं आयुष्य तासांत मोजतात. सराव आणि शर्यत धरून पिस्टन साधारण ३० ते ५० तासांनी बदलावा लागतो. तासांचा मीटर नसेल आणि शेवटचा पिस्टन केव्हा टाकला याचं बिल नसेल, तर पिस्टन, रिंग, टायमिंग चेन आणि व्हॉल्व्ह तपासणी असा इंजिनाच्या वरच्या भागाचा पूर्ण खर्च तुमच्याच डोक्यावर, असं धरून भाव करा.

एक ठळक खूण सांगतो. गाडी थंड असताना सुरू होते, पण गरम करून बंद केली की परत सुरू व्हायला छळते. असं असेल तर इनटेक व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतून टॅपेटची फट संपत आली असण्याची शक्यता धरा. शिम (फट जुळवायची छोटी चकती) बारीक घालून काही दिवस ढकलता येतात, पुढं व्हॉल्व्ह बदलावाच लागतो. मालक 'शिम नुकतेच बदललेत' असं अभिमानानं सांगत असेल तर किती वेळा बदललेत ते विचारा.

शिवाय या गाडीला नंबर पडत नाही. रस्त्यावर आणता येत नाही, पिकअपमधून न्यावी लागते. बाहेरून आलेली असेल तर कस्टमचे कागद मागा.

फोर्क (पुढचा शॉकअब्सॉर्बर) शर्यतीच्या गाडीतही आणि साध्या गाडीतही बघायचाच. दांडीवरून नख वरून खाली फिरवा. नख अडकलं तर तिथं टोचा पडलाय, त्यावर नवं ऑइल सील महिनाभरही टिकणार नाही.

कागदोपत्री (मिरज)

मिरजेला कर्नाटक लागून आहे, त्यामुळे केए पासिंगच्या गाड्या स्वस्तात दाखवल्या जातात. एनओसी (फॉर्म २८) आणि इथं भरावा लागणारा रोड टॅक्स धरून हिशोब करा, बहुतेक वेळा स्वस्ताई तिथंच संपते. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं चालवायची तर इथलं पासिंग करून घ्यावंच लागतं.

ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं छाप घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर ताडा. ई-चलान ऑनलाईन दिसतात, टोकन द्यायच्या आधी बघा. सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा सोबत मागा, पार्ट म्हणून त्याला किंमत आहे आणि आवाजाचा दंडही चुकतो.

घाटचढ (सातारा)

शेवटी पैशाची विभागणी. हातात सव्वा लाख असतील तर गाडी एक लाखाचीच घ्या. उरलेले २५,००० पहिल्या महिन्यात लागतातच. क्रम असा ठेवा: इंजिन ऑइल, फिल्टर आणि एअर फिल्टर, मग ब्रेक पॅड, कोनसेट, फोर्क ऑइल-सील, चेनसेट, आणि टायर सगळ्यात शेवटी. मागच्या दातेरी चकतीच्या (स्प्रॉकेटच्या) टोकाला चेन बोटानं ओढून बघा, अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही चकत्या एकत्रच बदला. नुसती चेन बदलली तर जुने दात तिला लवकर खातात.

ताकद कमी वाटली तर इंजिनात हात घालू नका. पुढची चकती एक दातानं लहान करा. १३ दातांची १२ केली की सुमारे ८ टक्के ओढ वाढते, मागे तीन दात वाढवल्याइतकीच. टॉप स्पीड तेवढा कमी होतो आणि स्विंगआर्मवरचा चेनचा रबर लवकर झिजतो, तो दर सर्व्हिसला बघा.

आणि कासच्या पठारावर, कोयना-चांदोलीच्या जंगलात गाडी घालायची नाही. त्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो. एकदा टायरनं तो ओरबाडला की पुढच्या पावसात उरलेला वाहून जातो. मुरमाची पडीक रानं, मालकाला विचारून, सरावाला कितीतरी चांगली आहेत.