मदत हवी आहे: मातीच्या भिंतीला गिलावा कसला करू?

नमस्कार मंडळी. गावाकडे दोन खोल्या आणि पडवी एवढंच घर बांधतोय. जोतं दगडाचं, दोन फूट उंच. भिंती मातीच्या, दीड फूट जाड. जाड भिंत दुपारचं ऊन पोटात घेते आणि रात्री सोडते, म्हणून निजायची खोली पूर्वेला आणि पडवी पश्चिमेला घेतली आहे.

अडलंय ते गिलाव्यापाशी. बरणीत माती ढवळून दोन दिवस ठेवली, तर तळाला वाळू जेमतेम बोटभर, वर चिकणमातीचा जाड थर. नमुन्याचा गिलावा तिसऱ्या दिवशी तडकला, भेगेत नख जाईल इतका. वाळू आणि भुसा वाढवला. भेगा गेल्या, पण आता हात फिरवला की भुकटी येते. गवंडी म्हणतायत, सरळ सिमेंट मारा. मला नाही पटत. आत ओल कोंडते आणि पुढे पापुद्रे सुटतात. चुना वापरायचा विचार आहे. तो किती दिवस भिजवायचा? आणि मातीवर धरायला भिंत आधी खरवडायची का?

दुसरं, पाणी. छप्पर ८० चौरस मीटर. १ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, म्हणजे ७०० मिमीला वाया जाणारं धरूनही ४०-४५ हजार लिटर. टाकी जमिनीखाली घेतली तर भिंतीपासून किती लांब ठेवू? पाया भिजला तर सगळंच मुसळ केरात.

(कौलं की पत्रा हा वाद घरात चालू आहेच, तो इथे नको.)

स्वतः केलेल्यांनी मिश्रणाचं प्रमाण सांगा. फसलेलं असेल तर तेही सांगा.