गोवेकराने मासे सोडले की जग जेवणार?

खाजनवाली:
काल ‘हरितताट’ यांनी लिहिलं की २०५० पर्यंत जगाची लोकसंख्या हजार कोटींच्या आसपास जाणार, एवढ्या तोंडांना पुरवायचं तर मांस, मासे, दूध सगळ्यांनी सोडायलाच हवं, आणि ‘जिभेचे चोचले न सोडणाऱ्या गोव्यापासून’ सुरुवात करावी. तिथेच उत्तर द्यायला बसले होते पण ते वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

आधी एक. ज्या ईट-लॅन्सेट अहवालाचा (माणसाला आणि पृथ्वीला झेपेल असा आहार शास्त्रज्ञांनी मांडला तो, २०१९) तुम्ही दाखला दिलात त्यात मासे आहेत हो! रोजचे २८ ग्रॅम धरलेत आणि शंभरपर्यंत मुभा आहे. दूध २५० ग्रॅम आहे, कडधान्यं ७५ ग्रॅम. लाल मांस तेवढं १४ ग्रॅमवर आणलंय, आणि तो नेम रोज बीफ खाणाऱ्या देशांवर आहे. आमच्याकडे सोमवार शिवराक (शाकाहारी), गुरुवार शिवराक, एकादशी, संकष्टी, अख्खा श्रावण, चवथ (गणेशचतुर्थी) संपेपर्यंत घरात मासळीचा वास नाही, आणि उरलेल्या दिवसांत दोन तारले किंवा एक बांगडा. आम्हाला कसला संयम शिकवता?

दुसरं, तारल्याला कोणी पेंड घालत नाही, पाणी पाजत नाही, युरिया टाकत नाही. होडीचं डिझेल जळतं तेवढंच. छोटे मासे आणि तिसऱ्या-खुबे असे शिंपले यांचा निसर्गावरचा बोजा कोंबडीपेक्षाही कमी पडतो हे २०२१ च्या अभ्यासांत आलंय. तुम्ही ज्या बदामाच्या दुधाचे फोटो टाकता ते बदाम बहुतेक कॅलिफोर्नियातले असतात, तिथल्या पाण्याचा हिशेब कोणी मांडायचा?

पण माझा खरा राग वेगळाच आहे. उकड्या तांदळाची पेज, तारल्याचं हुमण (कालवण), अळसांद्याचं (चवळीचं) तोणाक, कुळथाची पिठी, पावसाळ्यात तायकिळा, कुड्डुक, आंकूर या रानभाज्या. हा आहार कोणी मेळावे भरवून शिकवला नव्हता, शेतात आणि समुद्रात जे होतं ते ताटात यायचं. आता आमच्या वाड्यावरची खाजनं (बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं) बघा. मानशीचं (भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपेचं) दार कुजलं, वेळेवर बदललं नाही, भरतीचं पाणी आत शिरलं, बांधाला आधी हात जाईल एवढं भोक पडलं आणि पावसात वावभर बांध गेला. पहिल्या वर्षी कोरगुट भात तरी आला, तो खारं पाणी सोसतो. पुढच्या वर्षी तेही नाही. आता तिथे खारफुटी माणसाच्या उंचीची झालीय, आणि ‘पडीकच आहे ना, विका’ म्हणणारे दलाल येऊन जातात. लोक आहार बदलायला तयार होतील हो, पण बदलून खायचं काय आणि ते पिकवायचं कुठे, हे आधी सांगा. ताटाला उपदेश करणं फुकट असतं, बांध बांधायला पैसे लागतात.

हरितताट:
बाय, मी पर्वरीत राहतो म्हणून मला बाहेरचा ठरवायचं असेल तर ठरवा, पण मुद्दा तोच राहतो. अहवालात मासे आहेत, मान्य. पण २८ ग्रॅम म्हणजे आठवड्याला दोनशे ग्रॅम, एका थाळीतला इस्वणचा (सुरमईचा) तुकडा आणि सुंगटांची (कोळंबीची) कढी झाली की आठवडा संपला. गोव्यात कोण तेवढ्यावर थांबतं? आणि जग आठशे कोटींवर २०२२ मध्येच गेलं. प्रत्येकाने ‘आमची परंपरा’ म्हटलं तर कोणीच काही बदलणार नाही. जगातल्या सोयाबीनचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जनावरांच्या पोटात जातो, तो थेट माणसांनी खाल्ला तर किती जमीन सुटेल याचा विचार करा. मी स्वतः मासे सोडले आणि मला काही झालेलं नाही.

म्हापशाची आहारवाली:
दोघांनाही सांगते. मी रोज पेशंट बघते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला होता, २६.४ टक्के! त्यामुळे खाजनवाली बाय, त्या शीतकडीच्या (भात-कालवणाच्या) गोडव्यात इतक्या रमू नका. ताटात भाताचा डोंगर, त्यावर रस, आणि मासा पोस्टाच्या तिकिटाएवढा, हे मी रोज ऐकते. नांगर धरणारा माणूस तो भात जिरवत होता. आता स्कूटरवरून ऑफिस, ऑफिसातून घर, आणि भात तेवढाच. अळसांदे, कुळीथ, पालेभाज्या हे जे तुम्ही मोजून दाखवलंत ते माझ्या पेशंटांच्या ताटात नसतंच, विचारलं तर म्हणतात चवथीला करतो.

आणि हरितताट, तुमची तब्येत चांगली आहे कारण तुम्हाला बी-ट्वेल्व्हची गोळी, पनीर नसलं तर टोफू, अक्रोड हे सगळं परवडतं. याच लॅन्सेट आहाराचा खर्च काढला तेव्हा जगातल्या किमान १५८ कोटी लोकांना तो परवडत नाही असं निघालं. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यातल्या एखादीला मी सुके बांगडे आणि अंडं सोड म्हणून सांगू? माझ्याच्याने होणार नाही.

जुना फोंडेकार:
गोवा पूर्वी आपलं आपण खात होता ही समजूत कोणी पसरवली ठाऊक नाही. माझं लहानपण ब्लॉकेडमधलं, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडे असताना भारताने केलेल्या नाकेबंदीतलं. १९५५ ला सीमा बंद झाली तेव्हा बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून आणि तांदूळ-भाजी पाकिस्तानातून यायची. गोव्याचा तांदूळ गोव्याला तेव्हाही पुरत नव्हता आणि तेव्हा लोकसंख्या आजच्या निम्मीही नव्हती. माझी आई सगळ्यांच्या मागून जेवायची, पेजेचं पाणी आणि खारातला तोर (कैरी). तुम्ही ज्याला टिकाऊ आहार म्हणता ना, ती आमची उपासमार होती. पोट भरलं ते जया आणि ज्योती हे जास्त पिकणारे भात आल्यावर, आणि रेशनवर. तुमचा तो कोरगुट चवीला चांगला, पण त्याच्यावर वर्ष निघत नव्हतं.

खाजनवाली:
फोंडेकार बाब, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण मी उपासमार परत आणा म्हणत नाहीये. ज्योती पिकवायलाही शेतच लागतं ना? सरद (पावसाळी पीक) गेला, वायंगण (हिवाळी पीक) तर बऱ्याच गावांत कधीचं बंद. बेळगावहून भाजीचा ट्रक दोन दिवस आला नाही की मंडईत काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आहारवाली बाय, भाताचा डोंगर कमी व्हायला हवा, बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण त्या जागी अळसांदे यायचे तर ते दीडशे-दोनशे रुपयांनी विकून कसं चालेल?

सत्तरीकर:
नाचणीचं कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. २०२३ मध्ये युनोने भरडधान्य वर्ष केलं, सगळीकडे भाषणं झाली. आमच्याकडे डोंगरउतारावर कुमेरीत (रान जाळून केलेल्या फिरत्या शेतीत) नाचणी व्हायची, तिझान (नाचणीची पेज) काय आमच्या घरात पाहुण्यांसाठी करत नव्हते, रोजचं होतं. मग कुमेरी बंद झाली, काजू आला. आता कोणी परसात चार ओळी पेरली तरी कणसं भरायच्या आधी रानडुक्कर, खेती (माकडं) आणि गवे. गवा राज्यप्राणी, त्याला दगड मारायचा नाही. नुकसानभरपाईचा अर्ज भरायला दिवस मोडतो आणि हातात येतं ते मजुरीलाही पुरत नाही. नारळाचं तेच, माकडं कवळे नारळ पाडून टाकतात आणि मग बाजारात नारळ पन्नास रुपये झाला म्हणून शहरवाले ओरडतात. आहार बदला म्हणणाऱ्यांनी एक रात्र माचेवर राखणीला यावं.

रापणकार:
हरितताट बाब बरोबर बोलतात की समुद्रातली मासळी संपते, पण ती संपते खाणाऱ्यांमुळे नाही. आम्ही रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतो, पन्नास माणसं लागतात, पूर्वी एका ओढीत तारल्यांचा ढीग पडायचा की गाववाल्यांना फुकट वाटत होते. आता कधीकधी जाळ्यात प्लास्टिक आणि जेली. कारण काय तर रात्री एलईडी दिवे लावून मासळी एका जागी गोळा करायची आणि बोटभर पिल्लंसुद्धा उचलायची. केंद्राने २०१७ मध्ये एलईडीवर बंदी घातली, तरी किनाऱ्यावर उभं राहिलं की रात्री क्षितिजावर गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत ट्रॉलरला बंदी, तीही कागदावर. आणि उचललेल्या त्या पिल्लांचं काय होतं? फिशमील! बारीक तारले दळून भुकटी करायची, ती कोंबड्यांना आणि तलावातल्या कोळंबीला घालायची, आणि ती कोळंबी परदेशात. गरिबाचा मासा श्रीमंताच्या कोळंबीला चारतात, याला कुठला आहार म्हणायचं?

कुटबणकार:
आमच्या घरचा ट्रॉलर आहे, म्हणून गप्प बसणार नाही. सगळ्या ट्रॉलरवाल्यांना चोर ठरवायचं बंद करा. बँकेचं कर्ज, डिझेल, ओडिशा-झारखंडच्या पोरांचे पगार, त्यात जून-जुलैचे ६१ दिवस बंदी आम्हीही पाळतो. तारले कमी झाले ते समुद्र तापल्यामुळे, शास्त्रज्ञच सांगतात. केरळात २०१२ साली जवळपास ४ लाख टन तारले मिळाले, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाहीत. तिथे काय रापणकारांच्या गोव्यातले एलईडी गेले होते? आणि मडगावच्या बाजारात तुम्ही जो मासा घेता तो काय रापणीचा असतो? आम्ही बोटी बांधून ठेवल्या तर उद्या गोव्याला मासे मालपे आणि रत्नागिरीचे खावे लागतील, २०१८ ला मासळीत फॉर्मेलिन रसायन असल्याचा गोंधळ झाला तो बाहेरच्या ट्रकांमुळेच ना?

रापणकार:
समुद्र तापला म्हणून तारले कमी झाले, ठीक, तेही धरू. मग कमी झालेल्यातली पिल्लं तरी सोडा ना! आजारी माणसाचं रक्त काढण्यातला प्रकार आहे हा. माझ्या काकाने सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध मोर्चे काढले, मार खाल्ला, तेव्हा कुठे १९८० चा कायदा झाला. तुमच्या घरच्या बोटीत जाळ्याची आस (भोकाचं माप) किती आहे ते इथे लिहा सगळ्यांसमोर.

कुटबणकार:
तू मला जाब विचारणारा कोण? तुझ्या रापणीच्या जाळ्याला पिल्लं लागत नाहीत? मी डोळ्यांनी पाहिलंय वाळूवर पडलेली. आणि होड्यांना पेट्रोल इंजिनं लावून तुम्हीही आता मोठे झालात, आम्हाला गरिबी दाखवू नका.

म्हापशाची आहारवाली:
विषयावर या दोघेही. एकेरीवर तर येऊच नका.

कळंगुटचा शेफ:
विषयावरच सांगतो. गोव्याची लोकसंख्या वाढते कुठे? इथला जननदर १.३ वर आलाय. वाढतात ते पाहुणे, २०२४ मध्ये एक कोटीच्या वर आले. मी हॉटेलच्या किचनमध्ये बरीच वर्षं काढली. बुफे बंद व्हायच्या दहा मिनिटं आधीसुद्धा ट्रे भरलेला दिसला पाहिजे असा नियम असतो. मग अख्खे चणक मासे, किलोंनी सुंगटं, भात, केक, सगळं डुकरांच्या डब्यात जातं आणि स्टाफला घरी न्यायची परवानगी नाही. जगात २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न वाया गेलं असा युनोचा आकडा आहे, मला तो आकडा डोळ्यांसमोर दिसतो. कोणी काय खावं याच्या आधी हे थांबवा.

हरितताट:
बुफेचा मुद्दा पटला, त्याला विरोध करायचं कारणच नाही. आणि फिशमीलचं रापणकार बाबांनी सांगितलं ते माझ्याच बाजूचं आहे, कोंबडी आणि तलावातली कोळंबी खाणारे तारलेच संपवतात. तारले, पेडवे, खुबे यांच्याबद्दल मी माझं म्हणणं मागे घेत नाही, पण ते यादीत शेवटी ठेवतो. इस्वण, पापलेट, रोजचं चिकन आणि बटर-गार्लिक सुंगटं यांच्यावर मात्र ठाम आहे. खाजनवाली बाय, तेवढं तरी म्हणा.

खाजनवाली:
म्हणते की. चिकन तर आमच्या गावात आता शीतकडीपेक्षा जास्त शिजतं, पोरांना तारल्याचे काटे नको झालेत. हे बदलायला हवं आणि ते घरातूनच होणार, इतपत तुमचं खरं. पण तुम्हीही एक करा. ‘सोडा’ म्हणून लिहिता तसं ‘बांधा’ म्हणूनही लिहा. बांध फुटला की कोमुनिदाद (गावची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था), कुळांची संघटना आणि सरकारी खातं यांच्यात फाईल फिरत राहते, भरती कोणासाठी थांबत नाही. शेत राहिलं तर तुमची कडधान्यं पिकतील. वायंगणात भाताच्या जागी अळसांदे आणि कुळीथ घेता येतात, पाणीही कमी लागतं.

सत्तरीकर:
आणि माकडं?

खाजनवाली:
माकडांवर माझ्याकडे उत्तर नाही, भरपाई वेळेत आणि बाजारभावाने मिळाली पाहिजे एवढं ठामपणे म्हणेन.

जुना फोंडेकार:
अळसांदे वायंगणात होतात, आम्ही घ्यायचो. दव पडलं की झालं, पाणी फारसं घालावं लागत नाही. तेवढी गोष्ट बायची बरोबर आहे. उपासमारीचं म्हणणं मात्र मी सोडणार नाही.

रापणकार:
कुटबणकाराने जाळ्याची आस लिहिली नाही अजून.

कुटबणकार:
कायद्यात बसते तेवढी आहे. ऑगस्टमध्ये जेटीवर ये आणि मोजून जा. पण मग एलईडीवाल्यांची नावं तूही द्यायची, नुसतं ‘ट्रॉलरवाले’ म्हणायचं नाही. आमच्यातल्याही पुष्कळांना ते दिवे नको आहेत.

रापणकार:
येतो. नावं नाही, बोटींचे नंबर देतो, तुझ्या जेटीवरचे असले तरी.