कंपनीतल्या ट्रेनिंगचे क्रेडिट डिग्रीला धरतात का?

प्रश्न: वाळूजचा मशीनिस्ट

नमस्कार मंडळी. मूळ गाव पाटोद्याकडं, सध्या वाळूज एमआयडीसीत व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) काम करायलो. दहावीनंतर दोन वर्षांचा मशीनिस्टचा आयटीआय केला, मग अप्रेंटिसशिप. त्यानंतर कंपनीनं सीएनसी प्रोग्रामिंग, फाइव्ह एस आणि कायझेन (जागा नीटनेटकी ठेवायच्या, काम सुधारत न्यायच्या पद्धती), सेफ्टी असं बरंच शिकवलं. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये कॅड-कॅमचा (संगणकावर डिझाइन आणि मशीनिंगचा) छोटा कोर्स स्वतःच्या पैशानं केला. सर्टिफिकेटांची फाइल चांगली जाडजूड झालीय.

अडचण अशी की सुपरवायझरच्या जागेला डिप्लोमा नाहीतर डिग्री मागतात. नवीन पोरगं डिप्लोमा करून येतं, टूल ऑफसेट कसा द्यायचा ते माझ्याकडून शिकतं आणि वर्षाच्या आत माझ्याच हजेरीवर सही करतं. पोरावर राग नाही, पण झोप लागत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात कामाच्या शिक्षणाचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचं मोजमाप, मिळतात असं ऐकलं. एका कॉलेजात फाइल घेऊन गेलो तर खिडकीतल्या माणसानं ती उघडलीसुद्धा नाही. दुसरीकडं एक क्लासवाला म्हणतो, "पैसे भरा, 40 क्रेडिट एका दमात जमा करून देतो." खरं काय धरायचं? घरी दोन लेकरं आहेत, नोकरी सोडता येत नाही.

उत्तर: उदगीरकर

क्लासवाल्याला एक रुपया देऊ नका ओ. 40 क्रेडिट म्हणजे अख्ख्या वर्षाचा अभ्यास. तो दमात बसत नाही.

उत्तर: परीक्षा विभाग, परभणी

दादा, मी एका सीनियर कॉलेजच्या परीक्षा विभागात आहे. तुमच्यासारखी फाइल घेऊन महिन्याला कोणी ना कोणी येतंच, म्हणून सविस्तर लिहिते.

2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात हिशेब सोपा ठेवलाय. 30 तासांचं शिक्षण म्हणजे 1 क्रेडिट, आणि वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट. यात शाळा-कॉलेजसोबत कौशल्याचं शिक्षणही धरलंय. 240 तासांचा कोर्स असेल तर हिशेबानं 8 क्रेडिट होतात. अनुभवालाही वजन द्यायची सोय त्यात आहे. पण नुसते तास भरून भागत नाही, त्या शिक्षणाचं मूल्यमापन झालेलं लागतं. लोक नेमके इथंच अडकतात.

आता फाइल उघडा आणि एकेक कागद उलटून पाहा. कोर्स किती तासांचा ते लिहिलंय का? एनएसक्यूएफची, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याची, पातळी आहे का? परीक्षा कोणी घेतली? सर्टिफिकेट देणारी संस्था एनसीव्हीईटीची (व्यावसायिक शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची) मान्यता असलेली आहे का? तुमच्या आयटीआयच्या कागदावर हे सापडेल. टूल रूमच्या कोर्सचं तिथंच जाऊन विचारा, तासांचं पत्र मागून घ्या. फाइव्ह एस, कायझेन, सेफ्टी यांच्या सर्टिफिकेटवर बहुतेक एचआरची सही आणि कंपनीचा लोगो एवढंच असेल. शिकलात ते खरंच, पण त्याचे क्रेडिट कोणी धरणार नाही. ते बढतीच्या मुलाखतीत दाखवा. आणि हात जोडून सांगते, इथून पुढं मूळ सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका. त्यावर ना शिक्का बसतो ना मागच्या बाजूला शेरा मारता येतो. आमच्या टेबलावर निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

क्लासवाला जे "जमा करून देतो" म्हणतोय, तेही समजून घ्या. अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट साठवायची ऑनलाइन बँक, 2021 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी चालते. तिथं विद्यार्थ्याकडून थेट कागद घेतच नाहीत. नोंदणी असलेली संस्था क्रेडिट भरते, तुम्ही फक्त खातं उघडायचं. डिजिलॉकरमधून 12 आकडी आयडी निघतो, त्याला पैसे पडत नाहीत. शिवाय खात्यात क्रेडिट दिसले म्हणून डिग्रीत बसलेच असं नाही. डिग्री देणाऱ्या संस्थेला ते विषय आपल्या अभ्यासक्रमात बसवावे लागतात, आणि किमान निम्मे क्रेडिट त्याच संस्थेत मिळवायचे असा त्या नियमांत दंडक आहे. क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षं टिकतात. म्हणून आधी फाइल जाड करायची आणि मग कॉलेज शोधायचं, हा क्रमच उलटा आहे. आधी कुठं प्रवेश घ्यायचा ते ठरवा, मग त्या विभागप्रमुखांना लेखी अर्ज देऊन विचारा, "यातलं काय धराल?" तोंडी विचारलं की तोंडीच नाही म्हणतात. अर्जाला आवक क्रमांक पडला की उत्तर द्यावं लागतं.

खिडकीतल्या माणसाबद्दल एवढंच: त्याच्या हातात हा निर्णय नसतो. फाइल उघडली असती तरी नाहीच म्हणाला असता. उघडायला मात्र हवी होती.

उत्तर: वाळूजचा मशीनिस्ट

ताई, लई उपकार. रात्रपाळीवरून आल्या आल्या फाइल काढून बसलो. आयटीआयच्या कागदावर सगळं आहे. कंपनीच्या एकावरही तास नाहीत. पण मुळात मी बारावीच केलेली नाही, तर डिग्रीला घेतील का?

उत्तर: निदेशक, लातूर

मी शासकीय आयटीआयमध्ये निदेशक आहे. ताईंनी डिग्रीचं सांगितलं, पण तुमच्यासाठी सगळ्यात रोकडी गोष्ट त्याच्या अलीकडं आहे.

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांसाठी राज्य मंडळाकडं ट्रान्सफर ऑफ क्रेडिटची सोय आहे. भाषेचे विषय बोर्डाचे द्यायचे, बाकी आयटीआयचं धरतात, बारावीचं प्रमाणपत्र मिळतं. बारावीच्या फॉर्मच्या तारखा निघतात त्यात पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधार यांच्या शेजारी "ट्रान्सफर ऑफ क्रेडिट घेणारे आयटीआय विद्यार्थी" असं लिहिलेलं असतं. लोक ती ओळ वाचतच नाहीत. आमच्याच पोरांना दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवावी लागते. इंग्रजीची धास्ती घेऊ नका, रोज मशीनच्या फॅनक कंट्रोलरचा मॅन्युअल वाचताच की.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची. दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. म्हणजे तुमच्या आयटीआयच्या बदल्यात एक अख्खं वर्ष वाचतं. क्रेडिट हा शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता तेव्हापासून हे चालू आहे. नोकरीचा प्रश्न उरतो. एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं) 2023-24 पासून नोकरदारांसाठी संध्याकाळच्या किंवा सोयीच्या वेळेच्या तुकड्यांना मान्यता द्यायला सुरुवात केलीय. किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, आणि कंपनी कॉलेजपासून ठरलेल्या अंतरात असावी लागते. सगळ्या कॉलेजांत अशी तुकडी नाही. संभाजीनगरात कोणाकडं चालू आहे ते प्रवेशाच्या हंगामात जाऊन विचारा, वेबसाइटच्या भरवशावर राहू नका.

माझं मत विचाराल तर तुम्ही डिप्लोमाच धरा. मशीनवरच्या माणसाला बीए करून सुपरवायझरची खुर्ची लवकर मिळत नाही.

उत्तर: नांदेडची शिकाऊ

थोडं विषयांतर. मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोबत एका सीएंकडं टॅलीचं काम करते. माझं एमएससीआयटी आणि टॅलीचं सर्टिफिकेट धरतील का?

उत्तर: परीक्षा विभाग, परभणी

एमएससीआयटी सरकारी नोकरीत संगणकाची अट पूर्ण करायला उपयोगी. डिग्रीत आपोआप धरत नाहीत. टॅलीचं वरच्यासारखंच, तास आणि देणारी संस्था पाहा. त्यापेक्षा स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल बघ. सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत विषय तिथून घ्यायची मुभा यूजीसीनं दिलीय. शिकायला फुकट, परीक्षेला फी. तिथला एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा) 12 आठवड्यांचा कोर्स साधारण 3 क्रेडिटचा असतो. फक्त कोर्सला नाव नोंदवण्याआधी कॉलेजच्या स्वयम समन्वयकाची मंजुरी घे. पोरी परीक्षा पास होऊन येतात आणि मग विचारतात "मॅडम, हे कुठं बसवायचं?"

उत्तर: वाळूजचा मशीनिस्ट

निदेशक सर, पटलं. डिप्लोमाच्या मागं लागतो, आणि बारावीचा फॉर्मही भरून ठेवतो. कंपनीत अनुभवाचा दाखला मागितलाय, एचआरवाले सोमवारी या म्हणाले. आता एकच शंका. दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव पूर्ण आहे, आधारवर नुसतं पहिलं अक्षर. डिजिलॉकरला चालंल का?

उत्तर: परीक्षा विभाग, परभणी

अडकेल. सनदेला हात लावू नका, आधारच दुरुस्त करून घ्या, तेही प्रवेशाचे फॉर्म सुटायच्या आत. त्या दिवसांत आधार केंद्रावर सकाळी सातला नंबर लावावा लागतो. पाळी दुपारची असेल त्या आठवड्यात जा.