नराविना वंश किती काळ टिकतो?

एकांडी_शिलेदार
'अलैंगिक प्रजनन करणाऱ्या जाती टिकत नाहीत' हे वाक्य उत्क्रांतीच्या चर्चेत हमखास येतं. मला ते पटत नाही. साधा हिशोब बघा. लैंगिक जातीत मादीची निम्मी पिल्लं नर असतात आणि नर काही अंडी घालत नाहीत. फक्त मुलीच जन्माला घालणारी मादी तेवढ्याच अन्नपाण्यात दर पिढीला दुप्पट होते. उत्क्रांतीचे अभ्यासक जॉन मेनार्ड स्मिथ यांनी मांडलेली लैंगिकतेची 'दुप्पट किंमत' ती हीच. वाळा साप घ्या. गांडुळाएवढा, आणि साऱ्या माद्याच. कुंडीतल्या मातीतून एक मादी परक्या खंडात उतरली तरी वसाहत उभी राहते. डेलॉइड रोटिफर या सूक्ष्म पाणजीवांत तर कोट्यवधी वर्षं अनिषेकजननच (नराच्या शुक्राविना प्रजनन) चालत आलंय असं मानतात. त्यांचा नर आजवर कुणी पाहिलेला नाही. मग नर हवेतच कशाला?

सावध_गोगलगाय
असहमत. गणित इतकं सोपं असतं तर आतापर्यंत सगळीकडे माद्याच असत्या. वंशवृक्ष बघा, अशा जाती बहुतेक टोकाच्या डहाळ्यांवर, म्हणजे अलीकडेच फुटलेल्या, सापडतात. अख्खी जुनी फांदी क्वचितच. कारण हानिकारक उत्परिवर्तनं (जनुकांतले बदल) साठत जातात आणि जनुकांची सरमिसळ नसल्याने ती गाळता येत नाहीत (याला मुलरचा रॅचेट म्हणतात; रॅचेट म्हणजे एकाच दिशेने फिरणारं दातेरी चाक).

शिवाय परजीवी आहेतच. न्यूझीलंडमध्ये गोड्या पाण्यातली एक छोटी गोगलगाय आहे. तिच्यात काही माद्या नराशिवाय स्वतःच्या प्रती काढतात, बाकीच्या रीतसर जोडीने. जीवशास्त्रज्ञ कर्टिस लाइव्हली यांना दिसलं की जिथे परजीवी कृमी जास्त, तिथे नरही जास्त. पुढे एका तळ्यात असंही आढळलं की ज्या प्रतीची संख्या वाढते, काही काळाने कृमी तिलाच जास्त धरतात. सगळ्या एकसारख्या म्हटल्यावर एकीला धरायचं जमलं की सगळ्या हाती लागल्या.

एकांडी_शिलेदार
रॅचेटचं भाकीत अॅमेझॉन मॉली माशाने खोटं ठरवलं. ही मादी दुसऱ्या जातीच्या नराचं शुक्र घेते ते फक्त अंड्याला चालना मिळावी म्हणून. त्याची जनुकं पिल्लांत येतच नाहीत. (बिचारा!) २०१८मध्ये तिचा जीनोम (सगळा जनुकीय मजकूर) वाचला, तर अपेक्षित पडझड दिसलीच नाही.

सावध_गोगलगाय
त्या माशाचं वय साधारण एक लाख वर्षं. उत्क्रांतीच्या मानाने कालपरवाची गोष्ट.

पानफुटी
तुम्ही दोघं 'एक तर हे, नाही तर ते' धरून बसलाय. पिकांवरची मावा ही कीड बघा की. उन्हाळाभर मादी थेट पिल्लंच घालते, आणि तिच्या पोटातल्या मुलीच्या पोटात नातीचा गर्भ आधीच वाढत असतो. थंड प्रदेशात दिवस लहान व्हायला लागले की नर जन्मतात, मीलन होतं आणि हिवाळा काढतील अशी अंडी पडतात. कोमोडो ड्रॅगन या महाकाय सरड्याचं तर उलटंच. २००६मध्ये इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या फ्लोराने नराशिवाय अंडी घातली, पण लिंगगुणसूत्रांची रचना अशी की त्यातून फक्त नरच निघू शकतात. म्हणजे नर नसल्यावर नर घडवायची सोय!

आणि आपल्या सस्तन प्राण्यांत तर हा वाद निकालीच निघालाय. काही जनुकं फक्त बापाकडची चालतात, काही फक्त आईकडची. त्यामुळे निसर्गात नराशिवाय पिल्लू होत नाही. २००४मध्ये जपानमध्ये दोन आयांची उंदरीण जन्मली ती प्रयोगशाळेत, जनुकांत फेरफार करून.

सावध_गोगलगाय
माव्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. इतकी सोय असून दर वर्षी नराकडे परत का यावं?

एकांडी_शिलेदार
उष्ण प्रदेशातले कितीतरी मावे परत येतच नाहीत, वर्षभर माद्याच. आणि रोटिफरांना तुम्ही दोघांनीही हात लावलेला नाही.

सावध_गोगलगाय
लावतो. एका डेलॉइड जातीच्या जीनोममध्ये सुमारे ८ टक्के जनुकं जीवाणू, बुरशी वगैरे परक्यांची निघाली. हे जीव सुकतात, डीएनएचे तुकडे होतात, पुन्हा सांधले जातात, त्यात बाहेरचंही शिरत असावं. म्हणजे सरमिसळ लागलीच ना?

एकांडी_शिलेदार
लागली. पण नर नाही लागला.